ठिपका आणि माणूस : डॉ. वसंत रामजी खानोलकर



लोणारसारख्या गावात शिक्षकाकडे लोक काय काय वाचायला घेऊन येतात, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. बँकेची नोटीस, पीकविम्याचा कागद, कोर्टाचं समन्स आणि दवाखान्याचा रिपोर्ट. काही वर्षांपूर्वी एक पालक शाळा सुटल्यावर थांबले. हातात मोठं पाकीट, त्यात त्यांच्या वडिलांच्या छातीचा फोटो आणि सोबत इंग्रजीतला एक कागद. फोटोत डाग आहे एवढं त्यांना कळलं होतं. तो कशाचा आहे हे कागदात लिहिलेलं असेल आणि सर ते वाचून सांगतील, अशी त्यांची समजूत होती.

मी कागद वाचला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात एक लहान गोल डाग, पुढील तपासणी करावी, एवढाच मजकूर. डाग कशाचा हे त्यात नव्हतंच. मी तेवढंच सांगितलं आणि चांगल्या डॉक्टरांना दाखवा म्हणालो. घरच्यांनी मनाशी धरलं की टीबीच असणार. थुंकीची तपासणी राहून गेली, गोळ्या मात्र सुरू झाल्या. महिने गेले. मोठ्या शहरात नेईपर्यंत गाठ वाढली होती आणि पसरलीही होती. आजोबा वर्षभरात गेले.

ते आजोबा किती वर्षं बिडी ओढत होते, पूर्वी त्यांना क्षय झाला होता का, घरात आधीचा एखादा छातीचा फोटो आहे का, यांतलं मी त्या दिवशी काहीच विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. पुढे वाचताना एका डॉक्टरांचं चरित्र हाती आलं आणि लक्षात आलं, की रोगाचा डाग पाहताना तो ज्याच्या अंगात आहे त्या माणसाकडेही पाहायचं, हे सांगण्यात या माणसाने अख्खं आयुष्य घातलं होतं. वैद्यकाचे विद्यार्थी त्यांना भारतातल्या विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक मानतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र ते सहसा भेटत नाहीत. म्हणून आजचा पाठ त्यांच्यावर : डॉ. वसंत रामजी खानोलकर.

एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. हे वर्ष लक्षात ठेवा. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला जर्मनीतल्या व्युर्झबर्ग शहरात विल्हेल्म राँटजेन यांना प्रयोगशाळेत एक न दिसणारा किरण सापडला. तो कागदातून, लाकडातून, मांसातून आरपार जाई, पण हाडापाशी अडे. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला, त्यात बोटांची हाडं आणि अंगठी स्पष्ट दिसली. काय किरण आहे ते माहीत नाही म्हणून त्याला नाव दिलं एक्स. बीजगणितात आपण अज्ञात संख्येला देतो तसंच.

म्हणजे बघा, माणसाला न कापता आत पाहण्याची विद्या आणि आत जे दिसलं त्याचा अर्थ माणसाच्या जगण्यात शोधणारा आपला डॉक्टर, दोघंही एकाच वर्षी जन्मले. आणखी एक योगायोग. राँटजेन १९२३ मध्ये वारले आणि त्याच वर्षी खानोलकरांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी मिळवली. त्यांचा विषय होता विकृतिशास्त्र, म्हणजे रोगाने शरीराच्या पेशींमध्ये काय बदल होतात ते तपासणारं शास्त्र. आपण ज्याला पॅथॉलॉजी म्हणतो ते.

आज पॅथॉलॉजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रक्त-लघवी तपासणारी चौकातली लॅब येते. त्याहून ही गोष्ट बरीच मोठी आहे. गाठीचा छोटासा तुकडा काढायचा, तो मेणात घट्ट बसवायचा, केसाहूनही पातळ काप काढायचे, ते रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहायचे. पेशी नीट रांगेत आहेत का, त्यांची केंद्रकं बेढब झाली आहेत का, त्या आपली हद्द ओलांडून शेजारी घुसल्या आहेत का, याचा निवाडा इथे होतो. यालाच बायोप्सीची तपासणी म्हणतात.

लोणारकरांना हे सोपं जाईल

तुम्ही लोणारचे असाल किंवा इथे सहल आणली असेल, तर ही गोष्ट मुलांना समजावणं फार सोपं आहे. आपलं विवर वरून पाहिलं तर काय दिसतं? सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा जवळजवळ गोल खड्डा आणि तळाशी खारं पाणी. नुसतं रूप पाहून तो कशाने झाला हे सांगता येतं का? नाही. आजूबाजूला सगळा दख्खनचा काळा अग्निजन्य खडक, त्यामुळे कितीतरी काळ अनेक जाणकार त्याला ज्वालामुखीचं तोंडच समजत होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विवराच्या तळातून खोल खणून खडकाचे नमुने काढले गेले. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर प्रचंड आघाताने काचेसारखे झालेले स्फटिक सापडले. असा आघात ज्वालामुखीत होत नाही, आकाशातून येऊन आदळलेल्या उल्केनेच होतो. तेव्हा कुठे प्रश्न सुटला.

फुफ्फुसातल्या गोल डागाचंही असंच आहे. वरून दिसणारा आकार एक आणि त्यामागची कारणं अनेक. जुन्या क्षयाचा वण, बुरशीचा संसर्ग, निरुपद्रवी गाठ किंवा कर्करोग. फोटो संशय दाखवतो. नमुना पाहिल्यावर रोग कळतो. आणि हा रोग याच माणसाला का झाला आणि पुढे त्याचं काय होईल, हे कळायला त्या माणसाची माहिती लागते. हा तिसरा भाग खानोलकरांनी आपल्याकडे रुजवला.

मुंबईतलं काम

लंडनहून परत आल्यावर खानोलकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळी आपल्या कॉलेजांत शिकवणं होतं, पण संशोधन फारसं नव्हतं. पुस्तकं परदेशातली. त्यांतले रोगी परदेशातले. आपल्याकडच्या माणसांना कोणते रोग होतात, कुठे होतात, का होतात, याची नोंद ठेवणारं फारसं कुणी नव्हतं. शिक्षकाची नोकरी करता करता संशोधकाची शिस्त सांभाळणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहा, म्हणजे आपल्यालाही त्यांच्याकडून काही घेता येईल.

त्याच सुमाराला परळला एक मोठी गोष्ट घडत होती. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजीही पुढच्याच वर्षी वारले. त्यांच्या न्यासाने कर्करोगासाठी वेगळं रुग्णालय बांधायचं ठरवलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन यांची जबाबदारी खानोलकरांकडे आली. देशाच्या कानाकोपऱ्यातले रोगी परळला येऊ लागले आणि त्यांच्या गाठींचे तुकडे खानोलकरांच्या टेबलावर.

इथे दुसरा कुणी असता तर काचपट्टी पाहून, निदान लिहून मोकळा झाला असता. खानोलकरांनी काचपट्टीच्या मागे उभा असलेला माणूस पाहिला. हा कुठला? काय खातो? तंबाखू खातो की ओढतो? खात असेल तर गालात ठेवतो की ओठात? नेसतो काय? लग्न कितव्या वर्षी झालं? मुलं किती? ही यादी आजच्या डॉक्टरांना नेहमीची वाटेल. तेव्हा ती नेहमीची नव्हती.

सवय जिथे, गाठ तिथे

१९४५ साली त्यांनी सहकारी बी. सूर्याबाई यांच्यासोबत एक निबंध प्रसिद्ध केला. भारतातल्या लोकांच्या चालीरीतींतून होणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात मांडले होते. त्यांतला एक वाचून आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण येते : धोतराचा कर्करोग. कमरेला रोज त्याच जागी घट्ट आवळलेलं धोतर, घाम, घर्षण. वर्षानुवर्षांनी तिथली कातडी काळवंडते, जाड होते, जखम होते आणि कधीतरी त्या जखमेत कर्करोग उभा राहतो. दुसरं उदाहरण खैनीचं. तंबाखू-चुन्याची गोळी खालच्या ओठाच्या आत जिथे ठेवायची सवय, बरोबर तिथेच गाठ. काश्मिरातली कांगडी, म्हणजे थंडीत पोटाशी धरायची निखाऱ्यांची टोपली, तिच्यामुळे पोटाच्या कातडीला होणारा कर्करोग तर आधीपासून माहीत होता.

हे सगळे कर्करोग एकच गोष्ट सांगतात. रोग आंधळेपणाने कुठेही बसत नाही. माणसाच्या रोजच्या जगण्याने जी जागा भाजली, घासली, जाळली, तिथे तो बसतो. नशीब किंवा मागल्या जन्मीचं पाप म्हणून हात जोडून बसणाऱ्या समाजाला हे सांगणं त्या काळी सोपं नव्हतं.

पुढे १९५५ मध्ये एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्याबरोबर त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखूवरचा अभ्यास छापला. त्यात मुंबईतल्या रुग्णांच्या सवयी आणि त्यांच्या गाठींच्या जागा यांची सांगड घातली होती. तंबाखू खाणाऱ्यांत तोंडातले कर्करोग जास्त. ओढणाऱ्यांत, आणि आपल्याकडे ओढणं म्हणजे मुख्यतः बिडी, जिभेच्या मुळाशी आणि घशाच्या खालच्या भागात जास्त. रोगाचं नाव एकच, पण सवय बदलली की जागा बदलते.

बायकांच्या बाबतीतही त्यांच्या गटाला असाच फरक दिसला. मुंबईतल्या हिंदू स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग अधिक, तर पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा अधिक. यात धर्माचा दोष कुणी शोधू नये. लग्नाचं वय, बाळंतपणं, राहणीमान हे सगळं त्यामागे असतं. एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या बायकांचे रोग वेगळे, कारण जगणं वेगळं.

फुफ्फुसाकडे जाणारी वाट

आता तुम्ही विचाराल, की फुफ्फुसातल्या छोट्या गाठीशी याचा संबंध काय? खानोलकरांनी त्या गाठींवर संशोधन केलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या काळात एवढ्या लहान गाठी दिसतच नसत. साध्या एक्स-रेत लहानसा डाग बरगडीच्या किंवा हृदयाच्या सावलीत सहज लपतो. आडवे काप दाखवणारा सीटी स्कॅन लंडनमध्ये एका रुग्णावर पहिल्यांदा झाला तो १९७१ मध्ये. तोवर खानोलकर पंचाहत्तरी ओलांडून गेले होते.

पण त्यांनी लावलेली विचारायची सवय पुढे गेली. इंग्लंडात डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये फुफ्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचा संबंध दाखवला, तोही रुग्णांना सवयी विचारूनच. मुंबईत १९६३ मध्ये कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. संपूर्ण शहराच्या लोकसंख्येतले कर्करोग मोजणारी ही भारतातली पहिली नोंदवही. तिच्या मागे डॉ. डी. जे. जसावाला होते. १९७९ मध्ये जसावाला आणि जैन यांनी मुंबईतल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धर्म आणि धूम्रपान यांच्याशी असलेला संबंध तपासून मांडला. बिडी देशी, पानात गुंडाळलेली, म्हणून कमी घातक, ही समजूत तिथे टिकली नाही. बिडी ओढणाऱ्यालाही फुफ्फुसाच्या कर्करोगाचा मोठा धोका दिसला.

आज छोटा डाग कसा वाचतात

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण उद्या तुमच्याकडेही कुणी पाकीट घेऊन येईल.

फुफ्फुसातली ३ सेंटिमीटरपर्यंतची गोल गाठ डॉक्टर लहान धरतात. ती कर्करोगाची असेल, पसरलेली नसेल, तर आकार फार महत्त्वाचा ठरतो. जगभरातल्या रुग्णांच्या नोंदींवरून केलेल्या वर्गवारीत १ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीचे रुग्ण पाच वर्षांनंतर १०० पैकी सुमारे ९२ जिवंत होते. १ ते २ सेंटिमीटरमध्ये ८३ आणि २ ते ३ सेंटिमीटरमध्ये ७७. रोग दूरच्या अवयवांत पसरल्यावर हाच आकडा १० च्या आसपास किंवा त्याहून खाली जातो. हरभऱ्याएवढी गाठ आणि बोराएवढी गाठ यांत किती अंतर आहे, बघा.

आकारानंतर रूप. सीटी स्कॅनमध्ये काही गाठी घट्ट पांढऱ्या दिसतात, काही धुरकट काचेसारख्या. धुरकट गाठ कर्करोगाची असली तरी बहुधा सावकाश वाढते आणि तिचा रुग्ण जास्त काळ जगतो. घट्ट भाग जितका जास्त, तितकी काळजी जास्त. कडा गुळगुळीत असेल तर बरं, सराट्यासारखी काटेरी असेल तर संशय वाढतो.

मग वाढीचा वेग. इथे गणिताच्या शिक्षकांनी कान टवकारावेत. १० मिलिमीटर व्यासाचा गोळा १२.६ मिलिमीटर झाला, तर डोळ्याला फरक जेमतेम जाणवतो. पण १.२६ चा घन जवळजवळ २ येतो. म्हणजे गाठ दुप्पट झाली! म्हणून जुना फोटो सोन्याच्या मोलाचा. दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये तोच घट्ट डाग तेवढाच असेल तर धोका पुष्कळ कमी. तेव्हा तो नव्हताच आणि आज आहे, तर थांबून चालणार नाही.

आणि शेवटी माणूस, खानोलकरांचा विषय. वय किती, किती वर्षं ओढली, घरात कुणाला हा रोग होता का, फुफ्फुसं आधीच धुराने खराब झाली आहेत का, श्वास किती टिकतो, मधुमेह-हृदयरोग आहे का. सारख्याच आकाराच्या दोन गाठींचे दोन रुग्ण वेगवेगळ्या वाटेने जातात, ते बऱ्याचदा यामुळे. ऑपरेशन झेपेल का, किती भाग काढता येईल, हेही यावरच ठरतं.

कुणाचा स्कॅन काढायचा, हेसुद्धा माणूस पाहूनच ठरतं. अमेरिकेत ५३,४५४ जणांवर एक मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०११ मध्ये आला. त्यात ५५ ते ७४ वयाचे आणि रोज एक पाकीट असं ३० वर्षं किंवा त्या हिशोबाने ओढलेले लोकच घेतले होते. कमी किरणांच्या सीटी स्कॅनने त्यांच्यातले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू साध्या एक्स-रेच्या तुलनेत २० टक्क्यांनी कमी झाले. त्याच चाचणीत स्कॅनमध्ये संशयास्पद म्हणून निघालेल्या निकालांपैकी ९६ टक्क्यांहून जास्त शेवटी कर्करोगाचे नव्हते. ही दोन्ही वाक्यं एकत्र लक्षात ठेवा. पहिलं सांगतं, की हयगय करू नका. दुसरं सांगतं, की डाग दिसला म्हणून रडारड करू नका.

परदेशातलं सूत्र जसंच्या तसं इथे लावता येत नाही, हेही समजून घ्या. तिकडे डाग फुफ्फुसाच्या वरच्या भागात असेल तर कर्करोगाचा संशय वाढतो. आपल्याकडे क्षयही नेमका तिथेच बसतो. म्हणून इथे दोन्ही चुका होतात. क्षयाच्या जुन्या वणाला कर्करोग समजून माणूस खचतो, आणि कर्करोगाला क्षय समजून महिने वाया जातात. आमच्या त्या आजोबांचं दुसरं झालं. आपल्या माणसांचा अभ्यास आपणच करायला हवा, हा खानोलकरांचा धडा इथे अगदी जिव्हारी लागतो.

तेव्हा कुणी असा फोटो घेऊन आलं, तर निदान सांगायला जाऊ नका. ते आपलं काम नाही. पण एका कागदावर एवढं लिहून द्या :

१. वय, आणि बिडी-सिगारेट किती, किती वर्षं. सोडली असेल तर कधी.
२. चुलीच्या धुरात, दगडाच्या किंवा इतर धुळीत काम केलं आहे का.
३. पूर्वी क्षय झाला होता का, औषधं पूर्ण घेतली होती का.
४. थुंकी तपासली का, निकाल काय.
५. जुना एक्स-रे किंवा स्कॅन. ट्रंकेत, माळ्यावर, गादीखाली शोधायला लावा.
६. वजन घटलंय का, थुंकीतून रक्त येतं का, खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त आहे का.

हा कागद घेऊन माणूस डॉक्टरांकडे गेला, तर डॉक्टरांचं अर्धं काम सोपं होतं. टीबीच्या गोळ्या सुरू असूनही डाग कमी होत नसेल, तर पुन्हा विचारायचं हेही त्यांना बजावून सांगा. अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, मुंबई इथे पुढच्या तपासण्या होतात. लोणारहून जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, हे मला कळतं. पण सहा महिने बुडाले तर जे जातं, ते परत येत नाही.

आणि एक. कधीच न ओढणाऱ्यांनाही हा रोग होतो, विशेषतः बायकांना. त्यामुळे रोग्याकडे गुन्हेगार म्हणून पाहू नका. सवय विचारायची ती दोष द्यायला नव्हे, वाट शोधायला.

माणसं घडवणारा माणूस

खानोलकरांचं काम एवढ्यावर थांबलं नाही. १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झालं, त्याचे ते पहिले संचालक. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंमध्ये कसे शिरतात, यावर त्यांनी बारकाईने काम केलं. ज्या रोग्याला गावाबाहेर काढत, त्याच्या कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हा माणूस पाहत बसे. रक्तगटांचा अभ्यास केला. अणुकिरणांचे माणसावर काय परिणाम होतात हे तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीत त्यांनी भारताचं प्रतिनिधित्व केलं. मुंबई विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान त्यांना मिळाला.

शिक्षक म्हणून मला त्यांची आणखी एक गोष्ट मोठी वाटते. त्यांनी आपल्यामागे माणसं उभी केली. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे त्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधनाला लागल्या, १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्या, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून आल्या आणि मुंबईत पेशी काचपात्रात वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभारली. बाईमाणसाने संशोधन काय करायचं, असं समजणाऱ्या त्या काळात खानोलकरांच्या प्रयोगशाळेचं दार त्यांना उघडं होतं. पुढे त्याच संस्थेचं संचालकपद त्यांनी सांभाळलं.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकर गेले. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं संशोधन संकुल आहे. तिथल्या संशोधनाच्या इमारतीचं नाव खानोलकर शोधिका. नुसतं भवन म्हटलं नाही, शोधिका म्हटलं. मला ते नाव फार आवडतं. पुतळ्याला हार घालतात, शोधिकेत मात्र काम करावं लागतं.

वर्गात काय करता येईल

आठवी-नववीला घन आणि घनमूळ शिकवताना गाठीचं उदाहरण घ्या. व्यास किती वाढला की गोळा दुप्पट, तिप्पट होतो, ते मुलांना काढू द्या. खडूने फळ्यावर १० आणि १३ मिलिमीटरची वर्तुळं काढून दाखवा. मुलं चकित होतात.

विज्ञानाच्या तासाला लोणार विवर आणि फुफ्फुसातला डाग ही जोडी सांगा. दिसणं आणि कळणं यांत काय फरक, यावर मुलांना पाच ओळी लिहायला लावा.

शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. मुलांना दोरी आणि मीटरपट्टी घेऊन अंतर मोजू द्या. पानटपरीवाल्याशी भांडायला पाठवू नका, तो बहुधा कुणाचा तरी काका असतो. बोलायचं ते आपण मोठ्यांनी. आणि हो, बोलायच्या आधी आपल्या स्टाफरूममधल्या टेबलाचा खण उघडून पाहू या. तिथे खर्ऱ्याची पुडी असेल तर मुलं आपलं ऐकणार नाहीत.

घरचा अभ्यास म्हणून घरातले जुने एक्स-रे आणि रिपोर्ट एका पिशवीत, तारखेप्रमाणे लावून ठेवायला सांगा. वरवर क्षुल्लक काम आहे. पण त्या आजोबांच्या घरी पुढे सामान आवरताना सहा वर्षांपूर्वीचा एक छातीचा फोटो निघाला. मुलाने मला आणून दाखवला. माझ्या अडाणी डोळ्यांना तरी त्यात डाग दिसला नाही. तो फोटो त्या दिवशी पाकिटात असता, तर हा डाग नवा आहे हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी कळलं असतं. कदाचित आजोबा वाचले नसतेही. पण ते महिने वाया गेले नसते.

म्हणून सांगतो, आज संध्याकाळी घरी गेलात की आधी ती पिशवी लावा. आणि पुढच्या वेळी कुणी फोटो उजेडात धरून तुमच्या तोंडाकडे पाहील, तेव्हा डागाबद्दल बोलण्याआधी माणसाबद्दल विचारा.